मोत माउलीच्या वाटेवरची एक रात्र : ठाण्यातल्या गणेशोत्सव मंडळांना खुले पत्र

ठाण्यातल्या सर्व सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांच्या कार्यकर्त्यांना,

सप्रेम नमस्कार.

यंदा, २०२६ साली, गणेश चतुर्थी सोमवारी १४ सप्टेंबरला आहे. तिच्या आदल्याच दिवशी, रविवारी १३ सप्टेंबरला, वांद्र्याच्या डोंगरावर मोत माउलीची, म्हणजे माउंट मेरी चर्चमधल्या मरियामातेची, जत्रा सुरू होते. मरियामातेचा जन्मदिवस ८ सप्टेंबरचा. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी जत्रा सुरू होऊन ती पुढे आठवडाभर चालते. म्हणजे १२ तारखेच्या शनिवारी रात्री तुम्ही मखर, पडदे, रोषणाई यांत गुंतलेले असाल, कुणी शिडीवर, कुणी वायरी ओढत, आणि त्याच रात्री तुमच्या मंडपापुढून माणसं वांद्र्याकडे चालत जात असतील. चतुर्थी आणि जत्रा अशी पाठीला पाठ लावून दर वर्षी येत नाहीत. म्हणून हे पत्र आत्ताच लिहिते आहे, तुमच्या बैठका सुरू होण्याआधी.

मी ठाण्यात राहणारी निवृत्त परिचारिका. माहेर वसईचं, सासर इथलं, तलावपाळीच्या मागचं. एकतीस वर्षं सरकारी नोकरीत पट्ट्या बांधल्या, सलाइनं लावली, रात्रपाळ्या केल्या. नोकरीत असल्यापासून आम्ही पाच-सहा जणी जत्रेच्या आदल्या रात्री तीन हात नाक्याजवळ एक टेबल आणि दोन खुर्च्या मांडून बसतो. टेबलावर पाण्याचं पिंप, पट्ट्यांचा डबा, रक्तदाब मोजायचं यंत्र. आम्हाला ना संस्था, ना पावतीपुस्तक. टेबल एका ओळखीच्या दुकानदाराचं, तो शटर बंद करताना आमच्यासाठी बाहेर ठेवून जातो.

ही माणसं कोण, ते तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत असेल, पण सगळ्यांना असेलच असं नाही. कळवा-खारेगावकडून, घोडबंदर रोडवरून, वर्तकनगर-पोखरणच्या वस्त्यांमधून संध्याकाळनंतर ती निघतात. तीन हात नाक्याला लालबहादूर शास्त्री मार्ग धरतात आणि मुलुंड, भांडुप, विक्रोळी, घाटकोपर, कुर्ला असं करत पहाटेच्या पहिल्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, डोंगरावर पोचायचं बघतात. पंचवीस-तीस किलोमीटर होतात. कुणाचा नवस असतो, कुणी मुलाच्या नोकरीसाठी, कुणी आईच्या ऑपरेशनसाठी चाललेलं असतं. पुष्कळ जण अनवाणी असतात. हातात जपमाळ, खांद्याला पिशवी, पिशवीत मेणबत्त्या. आणि सगळे ख्रिस्ती असतात असंही नाही. शेजारणीबरोबर निघालेली हिंदू बाई, मित्राबरोबर निघालेला गुजराती मुलगा, असे कितीतरी. कोळी लोक त्या मूर्तीला मोत माउली म्हणतात. ती समुद्रात कोळ्याला सापडली अशी आख्यायिका आहे. वरचं आजचं चर्च १९०४ सालचं, आणि १९५४ साली त्याला बॅसिलिकाचा, म्हणजे पोपकडून मिळणारा खास चर्चचा, मान मिळाला. पण आमच्या टेबलाशी थांबणाऱ्या म्हाताऱ्यांना ही सालं ठाऊक नसतात. माउली म्हणाली की ये, म्हणून ती चाललेली असतात.

डोंगरावर मेणाचे अवयव वाहायची पद्धत आहे. हात दुखत असेल तर मेणाचा हात, मूल हवं असेल तर मेणाचं बाळ, पाय दुखत असेल तर मेणाचा पाय. रात्री दीडच्या सुमाराला आमच्या खुर्चीवर बसून एखादी बाई साडीचा काठ वर करते, आणि बघते तर तळपायाची कातडी फोडाबरोबर सुटून आलेली असते. पाय बरा व्हावा म्हणून ती मेणाचा पाय वाहायला चाललेली असते, आणि तो पाय असा. अशा वेळी मला काही बोलवत नाही. मी खाली बसते आणि पाय धुवायला घेते.

हे सगळं तुम्हाला नवीन नाही, हे मला माहीत आहे. साईबाबांच्या पालख्या शिर्डीला निघतात तेव्हा याच शहरातली मंडळं माजिवडा, खारेगावच्या बाजूला मंडप टाकून सरबत देतात, पदयात्रींच्या पायांना मलम लावतात. आषाढीच्या वारीत वारकऱ्यांचे पाय चेपायला जाणारी मुलं तुमच्यातच आहेत. चालणाऱ्याचा पाय म्हणजे काय, हे तुम्हाला शिकवावं लागत नाही. म्हणूनच मी पालिकेला किंवा कुठल्या मोठ्या संस्थेला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

आता मागणं सांगते. पहिलं मागणं पाण्याचं नाही. पाणी सगळे देतात. जत्रेच्या रात्री रस्त्याच्या कडेला पाण्याचे ग्लास घेऊन उभी राहिलेली माणसं मुलुंडपर्यंत जागोजाग भेटतात, देव त्यांचं भलं करो. मला हवं आहे ते स्वच्छतागृह.

बायका पाणी नाकारतात. मी हे वर्षानुवर्षं पाहते आहे. ग्लास पुढे केला की "नको सिस्टर, मग जायचं कुठे?" असं हळूच म्हणतात. रात्री साडेबारानंतर दुकानं बंद, हॉटेलं बंद, पेट्रोल पंपावर मागायची लाज वाटते, सार्वजनिक शौचालयाला कुलूप नाहीतर आत दिवा नाही. मग त्या घरून निघतानाच पाणी तोडतात. संध्याकाळी सातला निघालेली बाई पहाटे चारपर्यंत दोन घोटांवर चालते. सप्टेंबरची रात्र दमट, घाम थांबत नाही. भांडुपच्या पुढे कुठेतरी डोळ्यांपुढे अंधारी येते, पोटऱ्यांत पेटके येतात, आणि दोन दिवसांनी लघवीला जळजळ सुरू होते ती वेगळीच. आम्ही ओआरएस देतो, ती पिशवीत ठेवते. घरी गेल्यावर पिईन म्हणते. तिचं काही चुकत नाही. वाट बघणाऱ्या पुरुषांच्या घोळक्यात तिनं जावं तरी कुठे?

काही वर्षांपूर्वी गणपतीचे दिवस आणि जत्रा अशीच जवळ आली होती. आमच्या टेबलापासून थोड्या अंतरावर एका मंडळाचा मंडप होता. मध्यरात्री त्यांचा एक कार्यकर्ता चहा घेऊन आला, वीस-बावीस वर्षांचा असेल. आमचं बोलणं त्याच्या कानावर पडलं असावं. काही न बोलता गेला आणि दहा मिनिटांनी परत येऊन म्हणाला, "मावशी, मंडपामागे सोसायटीचं बाथरूम आहे, वॉचमनला सांगितलंय, लाइट लावलाय. बाहेर माझी बहीण उभी आहे, लेडीजना तिकडे पाठवा." पुढच्या तासाभरात आमचं पाण्याचं पिंप रिकामं झालं. मी पाण्याबद्दल एक अक्षर जास्त बोलले नव्हते. जागा आहे म्हटल्यावर बायका आपणहून पाणी प्यायल्या. वर्षानुवर्षं औषधाचा डबा घेऊन मी जे करू शकले नाही, ते त्या मुलानं एक दिवा लावून केलं.

तेव्हापासून हे मनात आहे. तुमच्या मंडपामागे कुठे ना कुठे अशी सोय असतेच. सोसायटीचं असेल, शाळेचं असेल, नाहीतर उत्सवासाठी ठेकेदाराकडून आणलेलं फिरतं शौचालय असेल. ते चतुर्थीला येणारच असेल तर शनिवारी संध्याकाळी येऊ द्या, एवढंच माझं म्हणणं आहे. आत दिवा, बादलीभर पाणी, साबण, दाराला चालणारी कडी, आणि बाहेर एखादी ताई उभी. आत वर्तमानपत्राचे तुकडे आणि झाकणाचा कचऱ्याचा डबा ठेवलात तर पाळी आलेल्या मुली तुम्हाला मनातून आशीर्वाद देतील. रस्त्यावर ठळक अक्षरांत "महिलांसाठी स्वच्छतागृह" असा बाण लावा. विचारायची वेळ येऊ देऊ नका, कारण विचारायलाच त्या लाजतात.

दुसरं मागणं बसायच्या जागेचं आणि पायांचं. प्लास्टिकच्या चार खुर्च्या आणि एक बाक पुरे. त्या मंडपाच्या आत, फुटपाथपासून जरा दूर असाव्यात, म्हणजे बसलेल्या माणसाला गाड्यांचा धूर आणि दिवे लागत नाहीत. पायांचं काम आम्ही करू, पण तुमच्यातली दोन-दोन मुलं आमच्याबरोबर बसली तर पुढल्या वर्षी आमची गरज उरणार नाही. शिकण्यासारखं फार अवघड त्यात काही नाही. पाय धुवायचा, बोटांच्या बेचक्यांसकट कोरडा करायचा. पावसात भिजलेला पाय पांढरा पडून सुरकुतलेला असतो, त्याची कातडी लगेच सुटते. त्याला मलमापेक्षा कोरडं फडकं आणि दहा मिनिटांचा वारा जास्त लागतो. फोड लहान असेल तर फोडायचा नाही, वरून गॉझ ठेवून चिकटपट्टी लावायची. मोठा, ताणलेला आणि चालताना चेपला जाणारा असेल तरच निर्जंतुक सुईनं कडेला टोचून पाणी काढायचं, आणि तेही शिकलेल्या हातानं. वरची कातडी मात्र कापायची नाही, तीच खरी पट्टी. मधुमेह असलेल्याच्या फोडाला सुई लावायची नाही, झाकून ठेवायचं आणि उद्या डॉक्टरकडे जायला सांगायचं. मांड्या काचल्या असतील तर व्हॅसलीन. पोटरीत पेटका आला तर गुडघा सरळ करून पायाचा चवडा हळूहळू आपल्याकडे ओढायचा. अनवाणी माणसाच्या पायात काच किंवा खिळा गेला असेल तर जखम धुऊन झाकायची आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनची आठवण करून द्यायची.

आणि अनवाणी माणसाला चप्पल घालायचा आग्रह करू नका. नवस त्याचा आहे. एकदा आमच्यातल्याच एकीनं काळजीपोटी एका आजोबांना फार टोकलं. ते उठले आणि पट्टी न बांधताच निघून गेले. चालणाऱ्याचा मान राखूनच त्याचा पाय हातात घ्यावा लागतो. आपल्याकडे पाहुण्याचे पाय धुतात ते काही तो पाहुणा चुकलाय म्हणून नाही. आमच्या चर्चमध्ये पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात, येशूनं शिष्यांचे धुतले म्हणून. लहानपणी मला तो फक्त विधी वाटायचा. आता दर वर्षी त्या संध्याकाळी मला तीन हात नाका आठवतो.

एक चूक सांगायची आहे, माझी स्वतःची. पूर्वी एका वर्षी साठीच्या पुढचे एक गृहस्थ आमच्याकडे बसले. घामानं निथळत होते, हात थरथरत होते, बरोबरच्या मुलावर उगाचच चिडत होते. मला वाटलं, थकलेत. त्यांनी सांगितलं, "मला शुगर आहे." मी बिनसाखरेचा चहा दिला. खरं तर त्यांनी संध्याकाळी गोळी घेतली होती आणि नवसाचा उपास म्हणून पोटात काही नव्हतं. साखर वाढली नव्हती, उतरली होती. घाम, थरथर, चिडचिड ही साखर उतरल्याची लक्षणं मी वॉर्डात शेकडो वेळा ओळखली होती, पण त्या रात्री "शुगर आहे" या दोन शब्दांनी माझे डोळे बांधले. साखर मोजायचं यंत्र घरी राहिलं होतं. त्यांची मान लटपटायला लागली तेव्हा मी भानावर आले. शेजारच्या रिक्षावाल्यानं आपल्या डब्यातली साखर पाण्यात ढवळून दिली. सुदैवानं ते अजून गिळू शकत होते. पंधरा मिनिटांत त्यांनी माझं नाव विचारलं. मी नाव सांगितलं, पण त्यांच्याकडे बघू शकले नाही.

तेव्हापासून ग्लुकोमीटर माझ्या पिशवीत पहिला जातो. तुमच्या मुलांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ आहे. चालून आलेला मधुमेही घामाघूम, थरथरता किंवा गोंधळलेला दिसला आणि तो शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी परत बघा, बरं वाटलं की काहीतरी खायला द्या. शुद्ध नसेल तर तोंडात थेंबही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

उपासाबद्दल आमच्याच लोकांना दोन शब्द. पत्र मंडळांना लिहिते आहे, पण ते आमच्या घरांतूनही वाचलं जाईल. पुष्कळ वयस्कर बायका म्हणतात, "मिस्सा व्हायचाय, ख्रिस्तप्रसाद घ्यायचाय, आत्ता काही नको." पहाटेच्या मिस्सासाठी रात्रीपासून कोरडं राहायचं, असा त्यांचा समज. चर्चचा नियम ख्रिस्तप्रसाद घेण्याआधी फक्त एक तासाचा आहे. त्या तासातही पाणी आणि औषध चालतं, त्यानं उपास मोडत नाही. आणि वयोवृद्धांना, आजाऱ्यांना आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांना तर त्या एका तासाचंही बंधन नाही. हा मी माझ्या मनानं काढलेला सवलतीचा अर्थ नव्हे, चर्चच्या कायद्यातच तसं लिहिलं आहे. धर्मग्रामांतल्या, म्हणजे आपापल्या विभागातल्या चर्चच्या, फादरांना माझी विनंती आहे की जत्रेच्या आधीच्या नोव्हेनाच्या, म्हणजे विशेष प्रार्थनेच्या, नऊ दिवसांत एकदा तरी हे वेदीवरून सांगावं. माझ्या तोंडून ऐकलं तर त्या हसतात. फादरांकडून ऐकलं तर रक्तदाबाची गोळी घेतील.

छातीत दुखणं वेगळं. चालताना छातीवर दाब आला, हात किंवा जबडा भरून आला, किंवा नुसताच दम लागून मळमळलं, विशेषतः बाईला, तर "गॅस असेल" म्हणून सोडा देऊ नका. बसवा, चालणं थांबवा, १०८. माणूस कोसळला, हाक मारून उठत नाही आणि श्वास नीट चालत नाही, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० या वेगानं, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबत राहा, रुग्णवाहिका येईपर्यंत. तुमच्या ढोल-ताशा पथकातल्या मुलांना हा वेग एका दिवसात हाताला बसेल. ताल सोडायचा नाही हे तर ती आधीच शिकलेली असतात. तुमची तयारी असेल तर ऑगस्टमधल्या कुठल्याही रविवारी मी आणि माझ्या दोन मैत्रिणी तुमच्या मंडळात येऊन उशीवर दाबून दाखवू.

अपघाताची भीती मुलांच्या मनात असते. रस्त्यावर गाडीनं ठोकरलेल्याला उचललं तर पोलिसांचा ससेमिरा लागेल, असं त्यांना वाटतं. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४अ हे कलम आलं. अपघातग्रस्ताला चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्यावर त्यामुळे दिवाणी किंवा फौजदारी बालंट येत नाही. आपलं नाव-पत्ता सांगायची सक्तीही त्याच्यावर नाही. हे तुमच्या फलकावर मोठ्या अक्षरात लिहिलंत तर फार बरं होईल.

फलकावरून आठवलं. लाल फुली लावू नका. ते चिन्ह युद्धात जखमींची सेवा करणाऱ्यांचं आहे, आपल्याकडे १९६० च्या जिनिव्हा कराराच्या कायद्यानं ते राखून ठेवलेलं आहे, सहज कुणी वापरायचं नसतं. हिरव्यावर पांढरी फुली चालते, किंवा सरळ "प्रथमोपचार" लिहा. आणि त्या फलकावर कुणाही नेत्याचा फोटो नको. पाय धुतले जात असताना मोबाइलनं फोटो काढणं तर मुळीच नको. कातडी सोललेली बाई साडी वर करून बसलेली असते. तो क्षण तिचा आहे.

खायला द्यायचं असेल तर केळी, चिक्की, भाजलेले शेंगदाणे द्या. वडापाव प्रेमानं दिला जातो, पण रात्री दोन वाजता, पुढे वीस किलोमीटर असताना तो पोटात बसतो. पाणी पिंपातून स्टीलच्या ग्लासात द्या. त्या रात्रीनंतर मुलुंड चेकनाक्यापर्यंत प्लास्टिकचे ग्लास आणि बाटल्या पसरलेल्या असतात, आणि ते झाडणाऱ्या बायकाही कुणाच्या तरी आया आहेत.

आमच्यातल्या काहींना गणपतीच्या मंडपात बसायला अवघडल्यासारखं होईल का, असं मला एका कार्यकर्त्यानं विचारलं होतं. होईल, एखाद-दुसऱ्याला. पण पाय दुखत असताना माणूस मंडपाकडे फार वेळ बघत नाही, खुर्चीकडे बघतो. तुम्ही कुणाला दर्शन घ्यायला सांगू नका, कुणी आपणहून हात जोडले तर अडवू नका. कोपऱ्यात बसून कुणी जपमाळ म्हणत असेल तर म्हणू द्या. एवढं पुरे.

या कामाला जगात मोठी परंपरा आहे. फ्रान्समध्ये लुर्द नावाचं गाव आहे. तिथे १८५८ साली बर्नादेत सुबिरू नावाच्या १४ वर्षांच्या मुलीला गुहेपाशी मरियामातेचं दर्शन झालं, अशी श्रद्धा आहे. आजारी माणसं तिथे जगभरातून जातात. त्यांना स्टेशनवरून आणणं, चाकाच्या खुर्चीतून गुहेपर्यंत नेणं, झऱ्याच्या पाण्याच्या स्नानाच्या वेळी सांभाळणं हे सगळं स्वयंसेवक करतात. त्यासाठी १८८५ साली एक संस्थाच उभी राहिली, ती अजून चालू आहे. ही माणसं स्वतःच्या खर्चानं येतात, राहण्याचे पैसे स्वतः भरतात, आणि अनेक जण दर वर्षी येतात. मला त्यातली एक गोष्ट सगळ्यांत जवळची वाटते. बर्नादेत पुढे नेव्हर्सच्या मठात गेली तेव्हा तिला आजाऱ्यांच्या खोलीत काम मिळालं. तिला माउली दिसली होती, आणि ती बेडपॅन उचलत होती. ११ फेब्रुवारी, लुर्दच्या पहिल्या दर्शनाचा दिवस, पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली रुग्णांसाठीचा जागतिक दिवस म्हणून ठरवला. त्या दिवशी आम्ही नर्सेस चर्चमध्ये पुढच्या रांगेत बसतो.

पण लुर्द लांब आहे. ठाण्याची गोष्ट त्याच्याही फार आधीची आहे. १३२१ साली संत फ्रान्सिसच्या पंथाचे चार फ्रान्सिस्कन साधू, थॉमस, जेम्स, पीटर आणि दिमेत्रिअस, दक्षिणेत कोल्लमला जायला जहाजातून निघाले होते. वाऱ्यानं जहाज ठाण्याला आणलं. इथे तेव्हा नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या एका जुन्या पंथाच्या, ख्रिस्ती लोकांची मोजकी घरं होती, त्यांतल्या एका घरानं या अनोळखी लोकांना ठेवून घेतलं. त्या एप्रिलमध्ये धर्मावरून झालेल्या वादातून ते चौघे मारले गेले. त्यांच्याबरोबर आलेला जॉर्डनस नावाचा दुसरा एक साधू तेव्हा ठाण्यात नव्हता. तो परतला आणि त्यानं त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. ते चौघे हुतात्मे म्हणून चर्चच्या स्मरणात आहेत. मी मात्र त्या घराचा विचार करते. खाडीवरून ओल्या कपड्यांनी आलेल्या, भाषा न कळणाऱ्या चौघांना कुणीतरी आत घेतलं, अंथरूण दिलं, जेवायला वाढलं. आपण आत्ता ज्या शहरात मंडप बांधतो आहोत, त्याच शहरात हे घडलं.

येशूनं सांगितलेला एक दाखला आमच्याकडे लहान मुलांनाही पाठ असतो. वाटेत लुटारूंनी मारहाण करून टाकून दिलेल्या माणसाला एक शोमरोनी, म्हणजे परक्या समजल्या जाणाऱ्या जमातीचा, वाटसरू तेल आणि द्राक्षारस लावून पट्ट्या बांधतो, आपल्या जनावरावर घालून धर्मशाळेत नेतो, आणि दुसऱ्या दिवशी धर्मशाळेवाल्याला दोन दिनार देऊन म्हणतो, याला बघ, जास्त खर्च झाला तर परतताना देईन. सगळे त्या शोमरोन्याची स्तुती करतात, आणि ती योग्यच आहे. पण तो निघून गेल्यावर त्या जखमी माणसाजवळ रात्र-रात्र कोण बसलं असेल? धर्मशाळेवालाच ना? दिवा त्यानं लावला असेल, पाणी त्यानं दिलं असेल. मी तुमच्याकडे त्या धर्मशाळेवाल्याचं काम मागते आहे.

खर्चाचं म्हणाल तर पट्ट्या, गॉझ, ओआरएसची पाकिटं, साखर मोजायच्या यंत्राच्या पट्ट्या आम्ही आणू. वर्गणीतून काही द्यायची गरज नाही. ओआरएसचं एक मोठं पाकीट एका लिटर पाण्यात पूर्ण विरघळवायचं, अर्धं पाकीट ग्लासात नाही, एवढं फक्त तुमच्या मुलांना सांगून ठेवा. गोळ्या वाटायच्या नाहीत, डोकेदुखीच्यासुद्धा नाहीत. कुणाला कशाची ॲलर्जी आहे हे आपल्याला ठाऊक नसतं.

कापूरबावडी, माजिवडा, कॅडबरी जंक्शन, नितीन कंपनी, तीन हात नाका आणि तिथून चेकनाक्यापर्यंतचा रस्ता, या पट्ट्यातल्या मंडळांपैकी तीन जरी पुढे आली तरी रात्र निभावेल. प्रत्येक ठिकाणी आमची एक परिचारिका रात्री नऊ ते पहाटे तीन बसेल, हा माझा शब्द. पहाटे तीननंतर गर्दी पुढे सरकलेली असते, मग तुम्ही तुमच्या कामाला लागा, मूर्ती आणायची घाई असेल. परतीची माणसं रविवारी दुपारी उन्हात येतात, पण ती बहुतेक ट्रेननं येतात, त्यांची काळजी कमी.

बैठक कधी आहे तेवढं तुमच्या विभागातल्या कुठल्याही चर्चच्या कार्यालयात कळवा, निरोप माझ्यापर्यंत पोचेल. मी येईन आणि दहा मिनिटांत बोलून जाईन. जुने धुतलेले पंचे घरून आणते, पाय पुसायला तेच बरे पडतात. तुमच्याकडून दोन बादल्या, एक बुटकं स्टूल आणि पाठीमागच्या त्या दाराची किल्ली हवी आहे.

आपली,
तीन हात नाक्याच्या टेबलावरची एक सिस्टर
ठाणे